उत्तरेचं वारं गरम, दक्षिणेचं गार

सून फोनवर म्हणाली होती, "आई, ऑक्टोबरात इथे वसंत असतो, पण गरम कपडे आणाच." मी 'वसंत' एवढंच ऐकलं. डोळ्यांसमोर चैत्रपालवी, कैरीची डाळ आली आणि स्वेटरच्या जागी चकल्यांचे डबे भरले.

न्यूझीलंडमध्ये, लेकाकडे क्राइस्टचर्चला, पहिल्या आठ दिवसांत विशेष काही घडलं नाही. हॅगली पार्कातल्या चेरीचा बहर सप्टेंबरातच ओसरला होता. हवा गार म्हणून सनस्क्रीन लावलं नाही आणि नाक भाजून घेतलं. एक स्वेटर विकत घ्यावा लागला, त्याची किंमत ह्यांना अजून सांगितलेली नाही.

सांगायचंय ते शनिवारचं. सकाळी अंगणातल्या छत्रीसारख्या गोल फिरणाऱ्या दोरीवर मी चादरी वाळत घातल्या. पश्चिमेला डोंगरांवर ढगांची लांबलचक कमान होती आणि तिच्याखाली निळ्या आकाशाची पट्टी. शेजारचे आजोबा कुंपणापलीकडून म्हणाले, "नॉरवेस्टर येतोय." वायव्येचा वारा, म्हणजे उत्तरेकडचाच. मी लगेच शाल घेतली. आपल्याकडे पौषात उत्तरेचं वारं सुटलं की शेकोट्या पेटतात. इथे उत्तर म्हणजे विषुववृत्ताची बाजू, हे शाळेत शिकले होते, पण अंगाला ते ठाऊक नव्हतं. लेकाच्या घराच्या उत्तरेच्या खिडकीतून दिवसभर ऊन येतं आणि दक्षिणेची खोली कायम गारठलेली. वास्तुशास्त्रवाल्यांनी एकदा इकडे यावं.

मग आर्थर्स पास नावाच्या डोंगरातल्या खिंडीकडे निघालो. दोन तासांचा रस्ता. स्प्रिंगफील्डपर्यंत कडकडीत ऊन, गाडीच्या काचा खाली. खिंड ओलांडून ओटिराच्या दरीकडे उतरलो तर असा पाऊस की वायपरनी हात टेकले. लेक गाडी चालवता चालवता सांगत होता : टास्मन समुद्रावरून ओला वारा येतो, सदर्न आल्प्स चढताना सगळं पाणी पश्चिमेला टाकतो आणि कोरडा होऊन पूर्वेला उतरताना तापतो.

"म्हणजे महाबळेश्वर आणि माण-खटाव," मी म्हणाले.

"तसंच. फक्त इथला माण-खटाव दुपारी भट्टी होतो आणि रात्री फ्रीज."

दरीवरच्या पुलाचा देखावा बघायला ह्यांनी छत्री उघडली, ती तिथेच उलटी झाली. तेवढ्यात किया नावाचा हिरवट पोपट आला आणि शांतपणे आमच्या गाडीच्या दाराचं रबर सोलू लागला. हुसकावलं तर दोन पावलं मागे सरून पुन्हा हजर. पंधरा मिनिटांत परत फिरलो. बघायला गेलो होतो डोंगर, तो काही दिसला नाही.

घरी आलो तर पारा 27 अंशांवर, चादरी पापडासारख्या वाळलेल्या आणि उशीचा एक अभ्रा गायब. अंगणातच चहा घेतला. सातच्या सुमाराला वारा एकदम पडला. पानही हलेना. मला वाटलं, चला, निवलं. तोच दक्षिणेकडून झोत आला, स्वयंपाकघराचं दार धाडकन आपटलं आणि तासाभरात पारा दहाच्या खाली. त्या बाजूला मधे फक्त समुद्र आणि मग थेट अंटार्क्टिका, मग आणखी काय होणार?

'एका दिवसात चार ऋतू' असं हे लोक मोठ्या कौतुकानं सांगतात. कपड्यांचे थर घालायचे, काढायचे, पुन्हा घालायचे. साडीवर हे प्रकरण कसं जमवायचं ते मात्र कुणी सांगत नाही. दिवाळीच्या पणत्यासुद्धा शेवटी घरात, खिडकीच्या आत लावाव्या लागल्या.

त्या रात्री आठला बेल वाजली. मी शाल, नवा स्वेटर आणि ह्यांचे पायमोजे अशा अवतारात दार उघडलं. शेजारचे आजोबा हाफ पँटमध्ये उभे, हातात घडी घातलेला अभ्रा. त्यांच्या लिंबाच्या झाडाला अडकला होता म्हणे. मी त्यांना ताटलीत चार चकल्या दिल्या आणि दार पटकन लावून घेतलं.