नागपूर सोडायच्या सकाळी: बर्डी ते महाल, पायी

गाडी सकाळी उशिराची असेल तर नागपुरातली शेवटची सकाळ सामान आवरण्यात घालवू नका. बॅग रात्रीच भरा आणि फटफटायला लागलं की निघा. बर्डीपासून (म्हणजे सीताबर्डीपासून) महाल या जुन्या वस्तीपर्यंतचा हा रस्ता मी शहर सोडताना मुद्दाम चालतो. या गावावर माझा जीव आहे, आणि दिवसभराच्या गर्दीत ते जेवढं भेटत नाही तेवढं या दीड-दोन तासांत भेटतं.

सुरुवात झिरो माइल या जुन्या दगडी स्मारकापासून. चार घोडे आणि खांबाचा फोटो सगळेच काढतात. तुम्ही जरा थांबून दगडावरची अक्षरं वाचा. 1907 साल, हैदराबाद 318 मैल, जबलपूर 170 मैल. जिथून निघायचं तिथंच अंतरं कोरलेली असावीत, हे मला फार आवडतं. जवळच सीताबर्डीचा किल्ला. 1817 च्या नोव्हेंबरात अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची इंग्रजांशी लढाई झाली ती इथल्याच टेकड्यांवर. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, त्यामुळे 26 जानेवारी, 15 ऑगस्ट अशा ठरावीक दिवशी आलात तरच आत जाता येईल.

मानस चौकातून लोहापुलाखालून पलीकडे गेलात की कॉटन मार्केट. नाव कापसाचं, पण पहाटे इथं भाजीचा ठोक बाजार पेटलेला असतो. ओल्या पोत्यांवर सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या, हातगाड्यांची घाई, वांग्यांचे ढीग. हमालाला वाट द्या, रस्त्याच्या मधोमध थांबून फोटो काढू नका. पायात बूट असू द्या, चिखल असतोच.

तिथून गांधीसागर. जुनी माणसं अजून जुम्मा तलाव किंवा शुक्रवारी तलावच म्हणतात. दगडी काठ, लोखंडी कठडा आणि मधोमध झाडांचं बेट, त्यावर महादेवाचं देऊळ. समुद्रापासून इतक्या लांबच्या गावात आपलं असं एक बेट आहे. उजेड तिथल्या झाडांच्या शेंड्यांवर आधी येतो, पाणी बराच वेळ काळंच राहतं. सगळा काठ फिरायला वेळ ठेवा. इथं घाई केलीत तर मला खरंच वाईट वाटेल.

पुढं गांधी गेट, म्हणजे जुना जुम्मा दरवाजा. त्यातून महालात शिरलं की तर्री पोहे शोधावे लागत नाहीत, वासच नेतो. पोह्यांवर हरभऱ्याची लाल तर्री, वरून कच्चा कांदा, लिंबू. पाठीवरची सॅक पाहून गाडीवाल्यानं विचारलं, "जाऊन राहिले का भाऊ आज?" हो म्हटलं, तर न मागता आणखी एक पळी तर्री टाकली. "मग नीट खाऊन जा ना." तिखट सोसत नसेल तर तर्री वेगळी मागा, देतात.

हा बेत पाठीवर मावेल एवढं सामान असेल तरच जमतो. डिसेंबर-जानेवारीत उजाडायला पावणेसात होतात आणि थंडी चांगलीच असते, स्वेटर हवाच. मे महिन्यात मात्र साडेपाचलाच निघा, आठनंतर ऊन चालू देत नाही.

महालातून ऑटो करा आणि स्टेशनच्या पूर्वेकडच्या, संत्रा मार्केटच्या गेटवर उतरा. पश्चिमेच्या मुख्य इमारतीपर्यंत वळसा घालायची गरज नाही. फक्त गाडी एक नंबरवर असेल तर पुलावरून सगळे फलाट ओलांडावे लागतात, तेवढा वेळ हाताशी ठेवा. संत्री घ्यायची तर पावसाळ्यात फुलून फेब्रुवारी-मार्चमध्ये येणारा मृग बहार माझ्या मते जास्त गोड. घेताना साल सैल आणि फळ हाताला जड लागतंय ना, एवढं बघा.