टोलेडो ते ह्युस्टन : कप आला, कोच गेला

ॲन आर्बर ते ह्युस्टन गाडीने जायचं म्हणजे वीस-एकवीस तासांचं ड्रायव्हिंग, जेवण झोप वेगळी, आणि जानेवारीत मिशिगनमधून गाडी काढायची म्हणजे आधी काचेवरचा बर्फ खरवडण्यापासून सुरुवात. तरी आम्ही गाडीनेच गेलो कारण १ जानेवारी २०२४ ला 'रोज बोल' या अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या सेमीफायनलमध्ये मिशिगनने अलाबामाला ओव्हरटाइममध्ये २७-२० हरवलं, म्हणजे ह्युस्टनची फायनल पक्की, आणि त्या रात्रीच विमानाच्या तिकिटांचे भाव असे चढले की माझ्या भाच्याने लॅपटॉप बंद केला आणि म्हणाला, "मामा, तुझ्या गाडीचं ऑइल कधी बदललंयस?"

भाचा मिशिगन युनिव्हर्सिटीत शिकतो. मी तिथे शिकलेलो नाही, नोकरीसाठी आलो आणि राहिलो, पण तिथल्या फुटबॉलची लागण मला त्याच्या आधीपासून आहे. मूळ कोल्हापूरचा असल्यामुळे फुटबॉल म्हटलं की डोळ्यासमोर शाहू स्टेडियम येतं, पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ या तिथल्या टीम, आणि मॅच संपल्यावर रस्त्यात होणारी दुसरी मॅच. इकडचा फुटबॉल हातात धरून पळायचा, चार प्रयत्नात दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही सरकलात तर बॉल समोरच्याला. मला तो कळायला बराच वेळ लागला पण बघणारे लोक मात्र पहिल्या दिवसापासून ओळखीचे वाटले. १ लाख ७ हजार लोक बसतील एवढं स्टेडियम एका कॉलेजचं आहे, आणि ते भरतं.

८ जानेवारी २०२४ ला ह्युस्टनच्या एनआरजी स्टेडियममध्ये फायनल होती, मिशिगन विरुद्ध सिएटलची वॉशिंग्टन युनिव्हर्सिटी, दोघंही १४-०, म्हणजे सीझनभर एकही मॅच न हरलेले. मिशिगनचं त्याआधीचं विजेतेपद १९९७ चं आणि तेही अर्धं, कारण तेव्हा पत्रकारांच्या मतदानात मिशिगन पहिलं आलं आणि कोचेसच्या मतदानात नेब्रास्का, दोघं आपापल्या गावात चॅम्पियन.

तर निघालो. तासाभरातच ओहायो लागतं. तिथली ओहायो स्टेट युनिव्हर्सिटी आणि मिशिगन यांचं नातं म्हणजे कोल्हापूरची शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ, फक्त मध्ये राज्याची हद्द. तिकडचे कट्टर लोक मिशिगनचं नावसुद्धा घेत नाहीत, "ती वरची टीम" म्हणतात. भांडण फुटबॉलपेक्षा जुनं आहे, १८३५ ला टोलेडोच्या पट्ट्यावरून दोन्हीकडची फौज समोरासमोर उभी राहिली होती, शेवटी टोलेडो ओहायोला मिळालं आणि बदल्यात मिशिगनला वरचा द्वीपकल्प. भाच्याने पिवळ्या एम अक्षराची टोपी घातलेली आणि पेट्रोल पंपावर एक आजोबा त्याच्याकडे बघून काही न बोलता फक्त मान हलवत गेले, मला तर ते शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

आणि गंमत बघा, मिशिगनचा तेव्हाचा कोच जिम हार्बॉ हा जन्माने याच टोलेडोचा, १९६३ चा. हे भाच्याला माहीत नव्हतं. मग मी सुटलोच. टोलेडोच्या खाली थोडं गेलं की बोलिंग ग्रीन नावाचं गाव लागतं, तिथल्या युनिव्हर्सिटीकडून त्याचे वडील जॅक हार्बॉ खेळलेले. पुढे जॅक मिशिगनमध्ये बो शेंबेकलर या दंतकथा झालेल्या कोचच्या हाताखाली असिस्टंट होते, म्हणून पोराचं बालपण ॲन आर्बरमध्ये गेलं, आणि मग हाच पोरगा बोच्याच टीमचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा मुख्य खेळाडू, झाला. त्यानंतर एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये खेळला, मग कोचिंगमध्ये गेला, सॅन फ्रान्सिस्कोच्या टीमला सुपर बोलपर्यंत, म्हणजे त्या लीगच्या फायनलपर्यंत नेलं आणि २०१३ मध्ये तिथे हरला कोणाकडून, तर सख्ख्या थोरल्या भावाकडून, जॉन हार्बॉच्या बाल्टिमोरकडून. आईवडिलांनी त्या दिवशी काय करावं! २०१४ च्या शेवटी जिम मिशिगनला परत आला तेव्हा गावाने त्याला घरचा पोरगा म्हणूनच घेतलं.

सिनसिनाटीनंतर नदी ओलांडून केंटकी, मग लुईव्हिल, आणि आय-६५ हायवेवरून खाली येताना आणखी एक बोलिंग ग्रीन लागतं, हे केंटकीतलं. मी इथे मुद्दाम गाडी आत घेतली, भाचा कुरकुरला, पण मला ते कॉलेज बघायचं होतं. वेस्टर्न केंटकी युनिव्हर्सिटी, टेकडीवर वसलेली, त्या संध्याकाळी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. इथे जॅक हार्बॉ कोच होते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पैसे नाहीत म्हणून कॉलेज फुटबॉल टीमच बंद करायला निघालेलं, म्हाताऱ्याने धरून ठेवली, आणि जिम स्वतः एनएफएलमध्ये खेळत असताना बापाच्या या टीमचा बिनपगारी असिस्टंट झाला, पोरं शोधायला, त्यांच्या घरी फोन करायला. २००२ मध्ये हीच टीम त्यांच्या डिव्हिजनची चॅम्पियन झाली, मॅकनीस स्टेटला ३४-१४ हरवून. आणि कप जिंकल्यावर जॅक यांनी काय केलं? कोचिंगमधून रिटायर झाले!

"म्हणजे हा पण जाणार," भाचा म्हणाला, आणि नॅशव्हिल येईपर्यंत आमच्यात तेवढाच विषय.

कारण खरं सांगायचं तर त्या आठवड्यात मॅच कोण जिंकणार यापेक्षा हार्बॉ राहणार का जाणार यावरच जास्त चर्चा होती. सीझनच असा विचित्र गेला होता. पहिल्या तीन मॅचला कॉलेजनेच त्याला बाहेर बसवलं, खेळाडू भरतीच्या नियमांच्या चौकशीमुळे. मग ऑक्टोबरमध्ये नवीनच लफडं, की मिशिगनचा एक कर्मचारी समोरच्या टीम्सच्या मॅचेसना माणसं पाठवून त्यांचे साइडलाइनवरचे खुणांचे इशारे शूट करून घेत होता. इशारे टीव्हीवर बघून ओळखणं चालतं, पण पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या मॅचला जाऊन हेरगिरी करायला १९९४ पासून बंदी आहे. हार्बॉ म्हणाला मला यातलं काही माहीत नाही. बिग टेन कॉन्फरन्सने, म्हणजे मिशिगन ज्या गटात खेळतं त्याने, नियमित सीझनच्या शेवटच्या तीन मॅचसाठी त्याला परत बाहेर बसवलं, आणि त्या तीन मॅच म्हणजे पेन स्टेट, मेरीलँड आणि ओहायो स्टेट. तिन्ही जिंकल्या. शेरोन मूर नावाच्या असिस्टंटने टीम सांभाळली, पेन स्टेटला हरवल्यावर तो टीव्हीवर लाइव्ह ढसाढसा रडला, आमच्या ऑफिसमधले ओहायोवाले त्याची नक्कल करत होते, दोन आठवड्यांनी ३०-२४ झाल्यावर बंद झाले.

माझं मत विचाराल तर ते इशाऱ्यांचं प्रकरण काही शोभणारं नव्हतं, आणि "सगळेच करतात" हे आमच्याकडच्या फॅन्सचं उत्तर मला कधी पटलं नाही. पण ते प्रकरण बाहेर आल्यानंतर टीम सगळ्यात अवघड मॅचेस खेळली आणि जिंकली हेही खरंच आहे. भाच्याला माझं पहिलं वाक्य आवडत नाही, दुसरं तो सगळ्यांना सांगतो.

दुसऱ्या दिवशी मेम्फिस. मिसिसिपी नदी मी पहिल्यांदाच बघितली, आय-४० चा पूल तिच्यावरून जातो आणि त्या पुलाच्या दोन कमानी मिळून चक्क इंग्रजी एम दिसतो, लोक त्याला एम ब्रिजच म्हणतात. पुलावर थांबता येत नाही म्हणून भाच्याने आधी नदीकाठी उतरून फोटो काढायला लावले, तिथे आणखी मिशिगनवाले हेच करत उभे! नदी मातकट आणि अवाढव्य, आपल्या पंचगंगेला पूर आल्यावर जशी भीती वाटते तशी जरा वाटलीच. अर्कान्सासबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही, सरळ रस्ता, ट्रक आणि संपत आलेल्या दशम्या. टेक्सारकानाला टेक्सासमध्ये शिरलो तेव्हा भाचा "पोचलो" म्हणून ओरडला, आणि त्यानंतर पाच तास टेक्सासच चालू होतं, वरून अंधार आणि दोन्हीकडे पाइनची झाडं.

ह्युस्टनला कॉलेजच्या दिवसांतला मित्र राहतो शुगरलँडला, त्याच्याकडे उतरलो. वहिनींनी रात्री उशिरा गरम पिठलं-भात वाढला आणि विचारलं, "त्या जिंकणाऱ्या कोचची नोकरी जाणार म्हणे?" मित्र म्हणाला अगं जाणार नाही, तोच सोडणार. दुसऱ्या दिवशी दुपारी हिलक्रॉफ्टला, जिथे पाट्या बघून आपण भारतात आहोत असं वाटतं, जेवण केलं, मग डाउनटाउनला गाडी लावून मेट्रोची रेड लाइन पकडली. ती थेट स्टेडियमपाशी सोडते. डब्यात अर्धे पिवळे-निळे, अर्धे जांभळे, आणि सिएटलची ती जांभळी मंडळी इतकी सभ्य की एका बाईंनी आम्हाला चिप्स दिले. तिकिटाची किंमत इथे लिहीत नाही, हे घरी वाचलं जातं.

मॅच पावणेसातला सुरू झाली आणि पहिल्या क्वार्टरमध्येच डोनोव्हन एडवर्ड्सने एकदा ४१ यार्ड आणि एकदा ४६ यार्ड पळत जाऊन दोन टचडाउन केले. सीझनभर हा पोरगा फारसा चाललाच नव्हता! १४-३. आमच्या मागच्या रांगेतला माणूस मला मिठी मारून "ब्रदर ब्रदर" करत होता. मग मात्र मॅच अडकली. १७-१० ला हाफटाइम. वॉशिंग्टनचा मायकल पेनिक्स म्हणजे लांब पास टाकणारा भारी क्वार्टरबॅक, पण मिशिगनच्या डिफेन्सने त्याला सुखाने उभंच राहू दिलं नाही, आणि दुसऱ्या हाफच्या अगदी पहिल्याच प्लेला विल जॉन्सनने त्याचा पास हवेत पकडला. तरीपण त्यातून आम्हाला फक्त तीन पॉइंट, मग २०-१३, आणि पुढचा सगळा वेळ कोणीच स्कोर करेना. हा भाग टीव्हीवर कंटाळवाणा वाटला असेल, स्टेडियममध्ये घसा कोरडा पडला होता. भाचा बसत नव्हता आणि मला बसू देत नव्हता.

शेवटी ब्लेक कोरम. हा माझा आवडता, बुटका, बैलासारखी मान, आदल्या वर्षी गुडघा गेला होता आणि एनएफएलला न जाता कप पाहिजे म्हणून परत आला. सात मिनिटं राहिलेली असताना तो १२ यार्डवरून आत घुसला, २७-१३. मग माइक सेनरिस्टिलने पेनिक्सचा पास पकडला आणि ८१ यार्ड पळाला, आणि परत कोरम, ३४-१३. मिशिगनने पळून पळूनच ३०३ यार्ड काढले होते. वरून पिवळ्या-निळ्या कागदाचे कपटे पडायला लागले, भाचा रडत होता, मी पण थोडा. बापाच्या टीमचा फायनलचा स्कोर ३४-१४ आणि पोराचा ३४-१३, हे मी मागच्या ब्रदरला ओरडून सांगायचा प्रयत्न केला पण बँडपुढे काही ऐकू जाईना.

मॅचनंतर हार्बॉ म्हणाला की आता मला घरात मोठ्यांच्या टेबलवर बसता येईल, कारण वडिलांकडे कप आहे, भावाकडे सुपर बोल आहे, आपल्याकडेच काही नव्हतं. साठ वर्षांचा माणूस हे बोलतोय! पुढचं विचारल्यावर त्याने टाळलं, आत्ता जिंकलोय ते एन्जॉय करू द्या या अर्थाचं. मेट्रोच्या लाइनीत आमच्या आजूबाजूला सगळे ते वाक्य उलटंसुलटं करून वाचत होते, राहतोय, नाही जातोय, वकिलांसारखे. वर्षभरात पंधराच्या पंधरा मॅच जिंकल्या त्याचा आनंद अर्धा तास पण धड टिकू दिला नाही लोकांनी.

परतीच्या प्रवासात लिहिण्यासारखं एवढंच की बातम्या थांबेनात. १० तारखेला अलाबामाचे कोच निक सेबन रिटायर झाले, आणि १२ तारखेला त्यांच्या जागी गेला कोण, तर हरलेल्या वॉशिंग्टनचा कोच केलन डीबोअर. मला चिप्स देणाऱ्या त्या बाईच आठवल्या, फायनल हरून चार दिवस झाले नाहीत तोवर कोच पण गेला. १३ ला ॲन आर्बरमध्ये बर्फात विजयाची मिरवणूक निघाली, पायाची बोटं बधिर झाली तरी लोक हलले नाहीत. गर्दी हार्बॉच्या नावाने ओरडत होती, पण त्या ओरडण्यात आग्रह होता, पाहुणा उठायला लागल्यावर आपण करतो ना तसा.

२४ जानेवारीला बातमी आली, हार्बॉ एनएफएलच्या लॉस एंजेलिस चार्जर्सला. भाच्याचा फोन, चिडलेला. "मामा, पोरांना सांगतात निष्ठा, टीम, टीम, टीम, आणि स्वतः?" मुद्दा बरोबर आहे. मला पण डीबोअरचं जाणं खटकलं, दोनच सीझनमध्ये, न जिंकता. पण हार्बॉवर मला रागवता येईना. नऊ सीझन दिले, जे आणायला आला होता ते आणलं, आणि एनएफएलचा कप राहिलाय तो त्याला आधीच्या दोन वर्षांतही झोपू देत नव्हताच, तेव्हाही दुसरीकडे बोलणी करून आलेला. वर चौकशा तेव्हा चालूच होत्या, त्याच्या मागे ज्यांना त्या निस्तरायच्या होत्या त्यांचं काय, हे मात्र मी भाच्याला म्हणालो तेव्हा तो गप्प झाला.

दोन दिवसांनी शेरोन मूरला कायमचा हेड कोच केलं, तोच रडणारा. बाहेर बसवलेल्या कोचच्या जागी त्याने सांभाळलेल्या चारही मॅच (सुरुवातीच्या तीनपैकी एक धरून) जिंकल्या होत्या. पण क्वार्टरबॅक मॅकार्थी गेला, कोरम गेला, कोच गेला, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये टेक्सास ॲन आर्बरला खेळायला येणार होतं. भाच्याचं म्हणणं होतं की ह्युस्टनच्या मित्राला आणि वहिनींना त्या मॅचला बोलवायचं. मित्र तयार होता, फक्त म्हणाला तिकडे आल्यावर मी टेक्सासचा शर्ट घालणार. त्यावर घरात बरेच दिवस वाद चालू होता.