उजव्या हाताची मोजणी

पॅरालिसिसचा झटका उजव्या बाजूला आला. चालणं लवकर सुधारलं, हात मागे राहिला. धंदा शिलाईचा, त्यामुळे मला घाई हाताचीच. भेटायला येणारे म्हणायचे, "हात बराच सुधारला हो!" बराच म्हणजे किती, हे ऑक्युपेशनल थेरपीत, म्हणजे रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून सराव करून घेतात तिथे, जायला लागल्यावर कळलं.

सुरुवातीला ठोकळ्यांची पेटी. मध्ये फळी, एका खणात अडीच सेंटिमीटरचे 150 लाकडी ठोकळे. मिनिटभरात एकेक उचलून पलीकडच्या खणात टाकायचे. दोन एकदम उचलले तरी एकच धरतात. बोटांची टोकं फळीपलीकडे गेली पाहिजेत. अलीकडूनच भिरकावला तर तो ठोकळा बाद. आधी डाव्या हाताने करून घेतलं. म्हटलं, "तो तर ठणठणीत आहे." थेरपिस्ट मॅडम म्हणाल्या, "मग काका, उजव्याची तुलना कशाशी करू?"

बोटं जरा सुटल्यावर 9 खुंट्यांची पाटी आली. खळग्यातून एकेक खुंटी उचलून भोकात बसवायची, सगळ्या बसल्या की एकेक काढून परत टाकायची. पहिल्या खुंटीला हात लागला की स्टॉपवॉच सुरू, शेवटची खळग्यात पडली की बंद. धडधाकट माणूस हे साधारण 20 सेकंदांत उरकतो. माझं मिनिट कधीच उलटून गेलं होतं. खुंटी उचलायला जमायची, पण उभी करायला ती अंगठा नि तर्जनीत फिरवावी लागते, नेमकी तिथेच निसटायची. मग मी खांदा उचलून, कोपर बाहेर काढून काम भागवायचो. पुढे सेकंद कमी झाले तेव्हा मी खूश. मॅडमनी मात्र आकड्याशेजारी "खांदा उचलतात" असं लिहून ठेवलं. मला ते तेव्हा खटकलं, पण नुसत्या घड्याळावर विसंबलं असतं तर बोटं आळशीच राहिली असती.

57 गुणांचीही एक चाचणी असते. क्रिकेटचा चेंडू उचलणं, ग्लासातून ग्लासात पाणी ओतणं, अंगठा आणि अनामिकेत बारीक छर्रा धरणं. प्रत्येक कामाला 0 ते 3 गुण; काम पूर्ण झालं पण फार वेळ लागला, तर 2. छर्ऱ्याने मला रडवलं.

अशा थेरपीला जाणाऱ्यांना एवढंच सांगेन, दर वेळचे आकडे तारखेसह लिहून मागा. जमलं तर वेळही तीच ठेवा. थंडीत सकाळी माझी बोटं आखडतात आणि आकडा उगाच बिघडतो.

सध्या कात्री चालते, सुईत दोरा ओवता येतो. ब्लाऊजचे हुक अजून बायकोच लावते.