तारामासा काढून टाकल्यानंतर

आज अमेरिकी परिसंस्था-अभ्यासक रॉबर्ट पेन यांचा १९६६ सालचा शोधनिबंध पुन्हा वाचून काढला. अवघ्या अकरा पानांचा असूनही तो सावकाश वाचावा लागतो, कारण त्यातील एकेका ओळीमागे ओहोटीच्या वेळी निसरड्या खडकांवर केलेले कित्येक तासांचे काम दडलेले आहे. किनाऱ्यावरचे जीव खडकांवर आडव्या पट्ट्यांमध्ये राहतात, हे निसर्ग-अभ्यासकांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. प्रश्न होता तो हे पट्टे ठरावीक उंचीवरच का थांबतात, हा. जोसेफ कॉनेल यांनी १९६१ मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील बार्नकलवर, म्हणजे खडकाला घट्ट चिकटून राहणाऱ्या छोट्या कवचधारी जीवांवर, प्रयोग करून त्याचे काही उत्तर दिले होते. पेन यांनी तोच मार्ग पुढे नेऊन थेट शिकारी प्राण्यालाच हात घातला.

वॉशिंग्टन राज्यातील मकाह उपसागराच्या खडकावर त्यांनी सुमारे आठ मीटर लांबीचा एक पट्टा निवडला आणि १९६३च्या जूनपासून तिथले पायसॅस्टर जातीचे तारामासे पहारीने उचकटून समुद्रात भिरकावून द्यायला सुरुवात केली. शेजारचा भाग त्यांनी मुद्दाम जसाच्या तसा ठेवला. मला विचाराल तर प्रयोगाचे खरे बळ त्या न छेडलेल्या भागात आहे, जरी आठवणीत पहारच राहत असली तरी.

हा तारामासा शिंपल्याच्या दोन्ही झडपा आपल्या नळीपायांनी ओढून धरतो आणि किंचितशी फट पडताच आपले जठर तोंडावाटे बाहेर काढून आत सरकवतो, म्हणजे भक्ष्य त्याच्याच घरात पचवतो. मात्र उघड्यावर फार काळ राहिल्यास तो सुकतो, त्यामुळे खडकाच्या वरच्या भागात त्याला टिकाव धरता येत नाही. मसल जातीच्या शिंपल्यांना तिथे अभय मिळते; त्यांच्या पट्ट्याची खालची सीमा आखतो तो हा शिकारी.

तारामासे हटताच ही सीमा ढळली. सप्टेंबरपर्यंत उपलब्ध जागेपैकी साठ ते ऐंशी टक्के जागा बार्नकलनी व्यापली. पुढच्या जूनपर्यंत झपाट्याने वाढणाऱ्या मसलांनी त्यांनाही रेटून बाजूला केले. शेवाळाला चिकटायला मोकळा खडक उरला नाही. मग ते खरवडून खाणारे कायटन आणि लिंपेट हे कवचधारी मृदुकाय जीवही निघून गेले, आणि पंधरा प्रजातींच्या जागी आठच शिल्लक राहिल्या. संख्येने मोजक्याच असलेल्या एका प्राण्यावर इतरांची जागा अवलंबून होती. १९६९ मध्ये पेन यांनी अशा प्रजातीला ‘कीस्टोन’, म्हणजे कमान तोलून धरणारा मधला दगड, म्हटले.

पुढची गोष्ट मला याहून रंजक वाटते, पण ती क्वचितच सांगितली जाते. तारामासे काढणे थांबवल्यावर खडक पूर्ववत झाला नाही, कारण दरम्यानच्या काळात मसल इतके मोठे झाले होते की परत आलेल्या तारामाशांना ते खाता येईनात. पाठ्यपुस्तकात मात्र गोष्ट पंधरावरून आठवर येऊन संपते.

शिवाय ही भूमिका सर्वत्र सारखी नसते. ओरेगॉनच्या किनाऱ्यावर ब्रूस मेंज आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे दिसले की लाटांचा मारा झेलणाऱ्या खडकांवर पायसॅस्टरचा प्रभाव जबरदस्त असतो, पण आडोशाच्या जागी तो बराच ओसरतो. त्यांचे हे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. पेन यांच्या निष्कर्षाला यामुळे बाध येतो असे मी मानत नाही. तो कोणत्या परिस्थितीत लागू पडतो, एवढे त्यातून नेमके कळते.

२०१३ पासून उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तारामाशांना झिजवून मारणारा रोग पसरला आणि वीसहून अधिक प्रजातींना त्याची झळ बसली. पेन पहारीने जे काही मीटरांत करत होते, ते या रोगाने शेकडो किलोमीटरच्या किनाऱ्यावर केले. त्याने शेजारी तुलनेसाठी न छेडलेला खडक मात्र कुठे राखून ठेवला नाही. म्हणून मसलांचा पट्टा आता खाली सरकला की नाही, हे खात्रीने सांगता येते ते केवळ त्याच खडकांबाबत, जिथे कोणी ना कोणी रोगाच्या आधीपासून दरवर्षी खडकावर ठरावीक मापाच्या चौकटी टाकून त्यांतील जीवांची मोजणी करत आले होते.