मगर उभयचर का नाही?

आमच्या रावेर-यावलकडे पहिला दमदार पाऊस झाला की केळीच्या बागेशेजारच्या डबक्यात मोठे बेडूक निघतात, नर एकदम हळदीसारखे पिवळेजर्द, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे आणि रात्रभर डरावडराव. तेच बघताना भाच्यानं विचारलं, मामा, मगर पण पाण्यात अन् जमिनीवर राहते, मग ती उभयचर का नाही?

प्रश्न एकदम बरोबर आहे त्याचा. उभय म्हणजे दोन्ही, चर म्हणजे फिरणारा, जलचर-निशाचरमधला तोच चर, त्या हिशोबाने मगर, कासव सगळेच आले की यात. प्राण्यांचं वर्गीकरण करणाऱ्या स्वीडनच्या लिनियसनं १७५८ साली हेच केलं होतं, त्याच्या अँफिबिया म्हणजे उभयचर वर्गात बेडकांसोबत साप, सरडे, मगरी सगळे एकत्रच, सरपटणारे प्राणी नंतरच्या लोकांनी वेगळे काढले.

पण उभयचरला इंग्रजीत म्हणतात तो अँफिबियस हा शब्द मूळ ग्रीक, अँफी म्हणजे दोन्ही आणि बायोस म्हणजे जीवन, म्हणजे दोन आयुष्यं जगणारा. आणि बेडूक खरंच तसा जगतो हो, डबक्यात वाकून नीट बघा, शेपटीवाले काळे टॅडपोल, म्हणजे बेडकाची पिल्लं, कल्ल्यांनी श्वास घेत फिरत असतात, मग मागचे पाय फुटतात, नंतर पुढचे, शेपटी अंगातच जिरते आणि फुप्फुसं घेऊन तोच जीव बाहेर येतो. मगरीचं तसं नाही, ती अंडी घालते काठावर, पिल्लू पहिल्या दिवसापासून फुप्फुसानंच श्वास घेतं, म्हणजे जागा दोन पण आयुष्य एकच.

गाड्यांसाठी मात्र मला आपलाच शब्द जास्त पटतो, कारण गाडीला कुठलं आलंय जीवन, ती फिरते. सैन्याची बीएमपी-२, म्हणजे जवानांना नेणारी चिलखती गाडी, ज्या पट्ट्यांवर जमिनीवर चालते तेच पट्टे फिरवत पाण्यातून तरत जाते, ही खरी उभयचर. पेपरात उभयचर युद्धनौका असं वाचलं की लोकांना वाटतं जहाजच किनाऱ्यावर चढतं, तसं अजिबात नाही. नौदलाचं जलाश्व घ्या, आधी अमेरिकेचं ट्रेंटन होतं, २००७ मध्ये आपल्याकडे आलं, त्याच्या मागच्या भागात मुद्दाम पाणी भरतात, दार उघडतं आणि आतल्या छोट्या बोटी रणगाडे अन् जवान घेऊन किनाऱ्याकडे निघतात, जहाज आपलं पाण्यातच. तिथं उभयचर असते ती मोहीम.