एकट्याने शीड सांभाळण्यासाठी होडीत केलेले बदल

गोव्यातल्या दोना पावलाच्या उपसागरात नांगरून असलेली माझी 24 फुटी शिडाची होडी एक जण सुकाणूवर आणि दुसरा डोलकाठीपाशी, अशा हिशेबाने बांधलेली आहे. सोबत येणारा मित्र नोकरीसाठी पुण्याला गेला, तेव्हा दोरांची मांडणी बदलणे भाग पडले.

सगळेच दोर मागे कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणूपाशी बसायच्या खोलगट जागेत, आणावेत, असा सल्ला सर्रास मिळतो. दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली ती ‘म्हादेई’ ही होडी येथेच दिवाडीला बांधलेली असल्याने तिचे दाखलेही दिले जातात. पण 56 फुटी होडीची गरज वेगळी आणि माझी वेगळी. प्रत्येक कप्पीमागे घर्षण वाढते, म्हणून जिबचे (पुढच्या शिडाचे) हॅल्यार्ड, म्हणजे शीड वर चढवायचा दोर, मी डोलकाठीपाशीच ठेवले, कारण ते आडोशाच्या पाण्यातच ओढायचे असते. मेनसेलला (मुख्य शिडाला) रीफ घ्यायची, म्हणजे जोराच्या वाऱ्यात ते आखडून लहान करायची, वेळ मात्र काबोच्या टोकाबाहेर, दुपारचे खारे वारे जोर धरतात तेव्हाच येते. रीफ घेताना हॅल्यार्ड सैल सोडत रीफचे दोर ओढावे लागतात, त्यामुळे यांपैकी एकच मागे आणून काही साधत नाही. एकाच दोराने शिडाच्या दोन्ही कडा खाली घेण्याची पद्धत दिसायला सुटसुटीत असली, तरी तिच्यात दोर फार घासतो. मी पुढच्या कडेला एक आणि मागच्या कडेला एक, असे दोन स्वतंत्र दोर ठेवले.

खरे कष्ट पडले ते कप्प्या बसवताना. दोर काटकोनात वळला की कप्पीवर त्याच्या ताणाच्या सुमारे 1.4 पट भार येतो आणि तो केबिनचे छप्पर वर उचलू पाहतो, म्हणून पायथ्याच्या कप्प्या छपरावर न लावता डोलकाठीच्या बुडाच्या स्टीलच्या पट्टीला लावल्या. दोर घट्ट पकडून धरणाऱ्या क्लचसाठी छपराला भोके पाडणे अटळ होते. फायबरच्या दोन थरांमध्ये बाल्साचे लाकूड असते आणि भोकातून पाणी शिरले तर ते आतल्या आत कुजते. आपल्याकडचा पावसाळा पाहता ही भीती अनाठायी नाही. ड्रिलमधून कोरडा, पांढरट भुसा बाहेर आला, तेव्हा जीव भांड्यात पडला. भोके मुद्दाम मोठी पाडून इपॉक्सीने भरली, ती घट्ट झाल्यावर त्यांतूनच बोल्टच्या मापाची भोके पाडली आणि खालून जाड पट्ट्या दिल्या.

टिलर (सुकाणूचा दांडा) हवा तिथे जखडण्यासाठी कॉकपिटमध्ये आडवा दोर आणि तो अडकवायला क्लीट एवढेच पुरले. आता रीफ घेण्यापूर्वी जिब उलट्या बाजूला ताणून, मेनसेल सैल सोडून टिलर वाऱ्याच्या विरुद्ध बाजूस बांधला की होडी जवळजवळ जागीच रेंगाळते आणि दोन्ही हात मोकळे होतात. मला होडीशी बांधून ठेवणारा हार्नेस मात्र तेव्हाही काढत नाही. स्पिनेकर, म्हणजे मागून वारा असताना लावायचे मोठे फुगीर शीड, सरळ विकून टाकला.

आता अडचण उरली आहे ती पायाशी पडणाऱ्या दोरांच्या गुंत्याची. त्यासाठी वास्कोत ताडपत्री शिवणाऱ्याकडे तळाला जाळी असलेल्या पिशव्या शिवायला टाकल्या आहेत.