वर गेलेलं वरच राहावं म्हणून

सोलापुरात लिफ्ट हा शब्द दिवसभर कानावर पडतो आणि दर वेळी निराळ्या कामावर असतो. मार्केट यार्डात कांदा लिफ्ट होतो, होटगी रोडला दुचाकीवाल्याकडे लिफ्ट मागतात, उधारी थकलेला माणूस फोन लिफ्ट करत नाही. आणि माढा-करमाळ्याकडे कुणी लिफ्टचं पाणी म्हटलं, की ते उजनीच्या उपसा सिंचनाचं. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज म्हणजे उंच, जड मानाच्या काठ्या उचलतात, त्याला मात्र लिफ्ट म्हणायची कुणाची छाती नाही. तिथं शब्द ‘पेलणं’, आणि तोच जास्त नेमका. कारण उचलायला जोर पुरतो. खरी कसोटी उचललेलं वर थोपवण्यात लागते.

इमारतीतलीच लिफ्ट घ्या. आत पाटी असते: ६ माणसं, ४०८ किलो. माणशी ६८ किलोचा हा हिशेब जेवणावळीहून परतणाऱ्यांना जरा काटकसरीचाच वाटेल. दोराच्या दुसऱ्या टोकाला लोखंडी वजन लटकत असतं. ते रिकाम्या डब्याचं वजन अधिक पूर्ण भाराच्या निम्म्याच्या आसपास, इतकं ठेवतात. डबा ६०० किलोचा असेल तर पलीकडे साधारण ८००. म्हणजे तिघं आत असले की पारडं जवळपास समान. एकटा माणूस असताना मोटरीचा ब्रेक सैल केला, तर लिफ्ट खाली पडणार नाही, उलट वर सरकू लागेल. ‘लाइट गेली की लिफ्ट कोसळते’ ही भीती इथंच खोटी ठरते. ब्रेक स्प्रिंगने आवळलेला असतो आणि विजेने उघडतो. वीज गेली की तो आपोआप धरतो. वेग हाताबाहेर गेलाच, तर वेगावर पहारा ठेवणारा गव्हर्नर खटका सोडतो आणि डब्याखालचे जबडे बाजूच्या रुळाला चावतात. दोर तुटला तरी डबा अडतो, हे एलिशा ओटिस यांनी १८५४ साली न्यूयॉर्कमध्ये भर प्रदर्शनात दोर कापून दाखवलं होतं.

रोजच्या तक्रारी असतात दाराच्या. जाळीचं दार बोटभर उघडं राहिलं तर लिफ्ट हलत नाही. ती रुसलेली नसते, दाराच्या स्विचने तिला रोखलेलं असतं. चौथ्या मजल्यावर कुणी दार लोटायचं विसरलं, की तळमजल्यावरचे बटण कुटत बसतात. अडकलात तर दार ओढून बाहेर उडी मारू नका. डबा दोन मजल्यांच्या मध्ये असतो आणि खाली मोकळा खड्डा. जीव जातात ते बहुधा अशा घाईत.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत लिफ्ट म्हणजे जकार्डचे, म्हणजे मागावरच्या नक्षीयंत्राचे, हुक उचलणं. सोलापुरी चादरीवरची नक्षी यातून उतरते. नक्षीप्रमाणे भोकं पाडलेल्या कार्डाला जिथं भोक, तिथं सुई आत शिरते, तिचा हुक सरळ उभा राहतो आणि वर येणारी पट्टी त्याला घेऊन जाते. भोक नाही तिथं सुई मागं ढकलली जाते, हुक पट्टीवरून हटतो आणि त्याचे ताण्याचे (उभे) धागे खालीच राहतात. मधल्या फटीतून आडवा धागा घेऊन धोटा पळतो. तो पलीकडं पोचेपर्यंत धागे वर टिकले पाहिजेत. घासलेला हुक मध्येच निसटला, तर धागे धोट्यावर पडतात आणि तुटतात. दोष कापडावर वाचता येतो. रुंदीत प्रत्येक नक्षीच्या त्याच जागी उभी रेघ दिसली, तर सुई किंवा हुक तपासा. रेघ एकाच ठिकाणी असेल तर हुकापासून धाग्याकडे जाणारी दोरी तुटलेली. आणि लांबीत दर नक्षीला त्याच ओळीत आडवी चूक येत असेल, तर कार्ड फाटलंय किंवा भोक कचऱ्याने बुजलंय. ही तपासणी न करता आधी मागाला शिव्या घालायची पद्धत आहे.

पाण्याचं गणित जास्त कडक. विहिरीच्या काठावरचा पंप पाणी ‘ओढतो’ म्हणतात, पण खरं तर हवेचा दाब ते वर ढकलतो. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर, त्यामुळं इथं अशा ढकलण्याची मर्यादा ९.८ मीटरच्या आसपास, आणि व्यवहारात ६-७. उन्हाळ्यात पाणी त्याखाली गेलं की मोठ्या एचपीचा पंप आणून काही होत नाही. पंपच खाली उतरवावा लागतो. खर्च मात्र वर चढवण्याचा. एक एकरला ५ सेंटिमीटर पाणी द्यायचं, तर २०० घनमीटर लागतं. ते ३० मीटर उचलायला, पंप निम्म्या कार्यक्षमतेचा धरला तर, ३३ युनिट वीज जाते.

पंप नुसता फिरतोय, पाणी नाही, अशा वेळी आधी तो बंद करा, नाहीतर सील जळतं. मग वरचं तोंड उघडून ओढीचा पाइप काठोकाठ भरा आणि थांबा. पाणी उतरलं आणि एखादा सांधा ओला दिसला, तर हवा तिथूनच शिरत होती. सांधे कोरडे आणि तरी पाणी उतरलं, तर तळाच्या फूट व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे पाणी परत जाऊ न देणाऱ्या झडपेत, काडी किंवा शेवाळ अडकलंय. तो वर काढून चामडी वायसर बघा. वायसर कडक झालेला असेल तर घासत बसू नका, नवा टाका.